लिंबाच्या सरबताची बाटली

विद्याधर मुलमुले हा माणूस तसा वाईट नव्हता. फक्त त्याला लाज फार वाटायची, आणि तीही नेमकी नको त्या गोष्टींची. बायकोबरोबर बाजारात निघाला की तिच्या पुढं चालायचा. दुकानात बनियन मागताना त्याचा आवाज खाली यायचा. भिलाईत कारखान्याच्या ऑफिसात तो बायकोचा उल्लेख ‘घरचे लोक’ असा करी, आणि या घरच्या लोकांना सहावा महिना लागलाय हे त्यानं तिथं कोणाला कळू दिलं नव्हतं.

त्र्याऐंशी सालचा मार्च होता. दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी सुमेधाची सकाळची पहिली लघवी तपासायला मागवली होती. बाटली दवाखान्यानंच दिलेली: बुटकी, रुंद तोंडाची, वर कापसाचा बोळा आणि पोटावर चिकटवलेली पट्टी, ‘श्रीमती सुमेधा मुलमुले, मूत्र’. त्या सकाळी सुमेधाचं डोकं गरगरत होतं.

“तुम्हीच देऊन या ना जाता जाता,” ती मोरीच्या दारातून म्हणाली. “खिडकीत ठेवायची फक्त.”

फक्त! विद्याधर कामावर जायचा तो भाऊराव गोतमारेच्या स्कूटरवर मागं बसून. भाऊराव त्याच्याच सेक्शनमध्ये होता, आणि त्याच्या पोटात काही राहत नसे. ही पट्टी त्याच्या नजरेला पडली असती तर दुपारच्या डब्यापर्यंत अख्ख्या ऑफिसला चघळायला विषय मिळाला असता.

विद्याधरनं स्वयंपाकघरात इकडंतिकडं पाहिलं. फळीवर लिंबाच्या सरबताची बाटली होती. त्याच्या आईनं, सत्यभामाबाईंनी, साखरेच्या पाकात लिंबं पिळून केलेलं ते सरबत आता तळाशीच उरलं होतं. रंग तर अगदी जुळत होता. त्यानं बाटली मोरीत उपडी केली, दोनदा झटकली. नळाचं पाणी गेलेलं होतं, म्हणून विसळायच्या भानगडीत तो पडला नाही. दवाखान्याच्या बाटलीतलं त्यानं हिच्यात ओतलं, बूच लावलं आणि पट्टीवाली रिकामी बाटली पँटच्या खिशात घातली. आपल्या अकलेचं त्याला कौतुकच वाटलं.

“काय आणलं बे पिशवीत?” स्कूटर सुरू करता करता भाऊराव म्हणाला. “सरबत? वैनीच्या हातचं? दे ना यार, एक घोट मारतो.”

“आता नको,” विद्याधर पिशवी पोटाशी धरून म्हणाला. “खराब झालं आहे ते.”

दवाखान्यात कोणी ओळखीचे भरती आहेत, अशी थाप मारून तो उतरला. सायकल स्टँडच्या मागं जाऊन त्यानं सगळं पुन्हा पट्टीच्या बाटलीत ओतलं, ती तपासणीच्या खिडकीत ठेवली, सरबताची बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि रुमालाला हात पुसत परत आला. कोणाला काही कळलं नाही.

रिपोर्ट आणायला सुमेधा सासूबरोबर गेली. मॅडम हिंदीत म्हणाल्या, “पेशाब में शक्कर आई है. बहुत ज़्यादा.” लघवीत निळं औषध घालून उकळलं तर ते निळंच राहायला हवं, सुमेधाचं विटेसारखं लाल झालं होतं. गरोदरपणात साखर वाढली तर मूल पोटात फार मोठं होतं, बाळंतपण अवघड जातं, हेही त्यांनी सांगितलं. पण नुसत्या लघवीवर निकाल द्यायचा नसतो. पुढच्या आठवड्यात उपाशीपोटी यायचं, ग्लुकोजचं पाणी प्यायचं, मग रक्त तपासून काय ते ठरेल. तोवर गोड बंद, बाकी रोजच्यासारखं पोटभर जेवायचं.

सत्यभामाबाईंनी ‘शक्कर’ ऐकलं, ‘मूल मोठं होतं’ ऐकलं आणि पुढचं ऐकायचं सोडून दिलं. घरी येताच त्यांनी सुमेधाच्या वडिलांना निरोप धाडला.

नरहरी पांगारकर दुर्गला पद्मनाभपुरात एकटेच राहत. रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनी करून निवृत्त झालेले. बायको सुशीला दुसऱ्या बाळंतपणात गेली, मूलही गेलं, तेव्हा सुमेधा शाळेतसुद्धा जात नव्हती. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. मुलीची वेणी घालायला शिकले, पोळ्या लाटायला शिकले. संध्याकाळी टेम्पोतून उतरून ते घाईघाईनं आले, तेव्हा विद्याधर नुकताच कामावरून येऊन बसला होता.

“व्याहीबुवा, तुमी आमाले फसवलं,” सत्यभामाबाईंनी त्यांना टेकूही दिलं नाही. “साखरेचा रोग घरात होता तर सांगाले काय झालं होतं? कावून लपवलं?”

“आमच्यात कोणालेच नाही जी,” नरहरी म्हणाले.

“मंग हिची माय कायनं गेली?”

“बाळंतपणात. तुमाले तर माहीत आहे.”

“मूल केवढं होतं?”

“मोठं होतं. दाई म्हणे, असं अंगानं भरलेलं मूल मी पाह्यलंच नाही.”

“पाहा! साखरवालीचं मूल असंच मोठं होते. आजच डॉक्टरीण सांगून राहिली होती. मायलेही होती, पोरीलेही आहे. अन् आमच्या गळ्यात बांधली!”

आतल्या दाराशी उभ्या असलेल्या सुमेधाची मान इतकी खाली गेली होती की तिचा भांगच तेवढा दिसत होता. सत्यभामाबाईंनी चहा आणला. “बिनसाखरेचा आहे. कोण जाणं, तुमालेही असल,” असं म्हणून त्यांनी कप पुढं केला, आणि नरहरी तो मुकाट्यानं पिऊ लागले.

बोलून बोलून सत्यभामाबाईंच्या घशाला कोरड पडली होती. त्या आत गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, “सरबताची बाटली कुठं गेली वं सुमेधा? बुडाशी थोडं होतं ना!”

विद्याधरला एकदम आठवलं. बाटली त्यानं विसळली नव्हती. पाक तसाच चिकटून होता. साखर सुमेधाची नव्हती, तिच्या आईची नव्हती. ती या घरच्या फळीवरची होती.

सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य कसलं! सरबताच्या बाटलीत बायकोची लघवी भरली, का, तर स्कूटरवर लाज वाटली म्हणून. हे सोवळ्यातल्या आईसमोर आणि सासऱ्यासमोर बोलायचं? त्याचे कान तापले. मग त्यानं एक सोयीचा विचार शोधला. पुढच्या आठवड्यात रक्त तपासतीलच, ते चांगलंच निघेल, सगळं आपोआप मिटेल, मग तमाशा कशाला. विचार पटला आणि तो गप्प बसला. नरहरींनी रिकामा कप खाली ठेवला, मुलीकडं एकदा पाहिलं आणि ते गेले.

त्या आठवड्यात सत्यभामाबाईंनी सुनेचा भात बंद केला, दूध बंद केलं, बटाटा बंद केला. खुर्सीपारच्या बाजारातून कारली आणून त्यांचा रस सुरू केला. सुमेधानं एका शब्दानं तक्रार केली नाही, उलट जेवढं पानात येई त्यातलंही ती अर्धं ठेवू लागली. एका संध्याकाळी नरहरी पुन्हा दारात उभे राहिले. त्यांनी दुर्गात स्वतःची तपासणी करून घेतली होती, काही निघालं नव्हतं. “मंग बापाकडचं नसल, मायचंच असल,” असं म्हणून सत्यभामाबाईंनी त्यांना वाटेला लावलं. विद्याधर तेव्हाही घरातच होता. पेपर वाचत होता म्हणे.

“मला माझीच किळस येते हो,” सुमेधा त्याला म्हणाली. “माझ्या अंगातच काहीतरी घाण आहे असं वाटतं. आणि माझ्यापायी बाबांना किती ऐकावं लागलं.”

“होईल सगळं ठीक,” तो म्हणाला. शरमेनं त्याला तिच्याकडं बघवत नव्हतं. तरीही त्याच्या तोंडून ते वाक्य निघालं नाही.

तपासणीच्या दिवशी त्यानं सुट्टी टाकली. रांगेत उभ्या उभ्याच सुमेधा कोसळली. तिला बाकावर निजवलं, पाणी मारलं. मॅडम धावत आल्या. त्यांनी तिच्या डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, वजन करवलं आणि त्या कडाडल्या. “आठ दिन से क्या खा रही हो? वजन बढ़ने के बजाय घट गया है! बच्चे को भूखा मारोगी?” असं आठवडाभर उपाशी राहून आलेल्या बाईची साखरेची तपासणीही धड होत नाही, उलटसुलट निकाल येतो, असंही त्या म्हणाल्या.

सुमेधा पोटावर दोन्ही हात धरून रडत राहिली. मूल उपाशी आहे, एवढंच तिच्या कानात शिरलं होतं.

तेव्हा कुठं विद्याधरची वाचा फुटली. खाली मान घालून, तुटक तुटक हिंदीत, नर्स आणि रांगेतल्या चार बायकांच्या देखत त्यानं सगळं सांगितलं. स्कूटर, बाटली, सायकल स्टँड. ज्या अब्रूसाठी एवढा उपद्व्याप केला ती अशी भर बाजारात गेली. मॅडमना आधी हसू आलं. मग त्यांनी सुमेधाकडं पाहिलं आणि त्या हसायच्या थांबल्या.

त्यांनी नवी बाटली दिली, तिथल्या तिथं तपासणी करवली. औषध निळंच राहिलं. तरी तीन दिवस पोटभर जेवून रक्तासाठी यायचंच, अशी त्यांनी ताकीद दिली. पुढं ती तपासणीही चांगली निघाली, पण त्या दिवशी ते कोणाला ठाऊक नव्हतं.

बाहेर बाकावर सुमेधा पदरानं डोळे पुसत बसली. मग तिनं विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?”

‘आत्ताच’ असं सांगता आलं असतं. शब्द जिभेवर आलाही होता. “बाबा चहा पीत होते तेव्हा,” विद्याधर म्हणाला.

तिनं त्याच्याकडं असं पाहिलं, की आपण हिच्या नजरेतून उतरलो हे त्याला सांगावं लागलं नाही. “सासूबाईंना मी सांगते,” ती म्हणाली. “बाबांना तुम्ही सांगायचं. आजच जायचं.”

पद्मनाभपुरात नरहरी ओसरीवर बसले होते. दाढी वाढलेली, सदरा कालचाच असावा. जावयाला पाहताच ते गडबडून उठले, खुर्ची पुसून दिली.

“पोरगी बरी आहे ना?”

“बरी आहे, मामाजी. मला तुम्हाला एक...”

“आधी माहं ऐकून घ्या, जावईबापू,” नरहरी म्हणाले. “मी येणारच होतो. व्याहीणबाईचं बरोबर आहे. मी रोज आठवून राहिलो. सुशीलेले दुसऱ्या वेळी तहान लई लागे. उठली की पाणी, बसली की पाणी. मी हसत होतो तिले. थकून जाये, तरी मी दवाखान्यात नेलं नाही. अन् ड्यूटीवरून येताना रोज पावभर जिलबी आणत होतो. तिले आवडे म्हणून. घरी येऊन माह्या हातानं चारत होतो.” त्यांनी आपला उजवा हात मांडीवर उलटा करून ठेवला. “इतके वर्स मी देवाले बोल लावला जी. अन् तिले मारलं तर मीच.”

विद्याधरला ओसरीवरून उठून पळून जावंसं वाटलं. पण त्यानं सांगितलं. या वेळी मराठीत, एकही गोष्ट न गाळता, आणि आपल्याला कळलं तेव्हा तुम्ही समोर बसला होतात, हेही सांगितलं.

नरहरींना सगळं ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी जावयाचे दोन्ही हात धरले. “म्हणजे सुमीले काही नाही?” त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. “सुटली माही पोरगी! बाटलीचं सोडा हो, होते माणसाच्या हातून.” ते हसत होते, डोळे पुसत होते, पुन्हा विचारत होते, “खरंच काही नाही?” विद्याधरचा जीव भांड्यात पडला. एवढ्यावर निभावलं, असं त्याला वाटून गेलं.

मग नरहरींचं हसू हळूहळू थांबलं.

“पण मंग सुशीलेचं?” त्यांनी विचारलं. “तिले होती का नव्हती?”

“नव्हती, मामाजी,” विद्याधर घाईनं म्हणाला. “कशाला असेल? ते सगळं त्या बाटलीमुळं मनात आलं तुमच्या.”

“पण ते पाणी पिणं तर खरं होतं ना. अन् मूल मोठं होतं.” नरहरींनी मान हलवली. त्यांच्या आवाजात राग नव्हता, जावयाला समजावून सांगावं तसे ते बोलत होते. “आता तिची कोण तपासणी करल, जावईबापू? तुमी नाही म्हणता, पण तुमाले काय माहीत?”