एक आवाज कमी

छगनला भीती ठाऊकच नाही, असं सगळं गाव म्हणायचं आणि छगनलाही ते ऐकायची चटक लागली होती. विहीर खोदताना खडक लागला की तळाशी सुरुंगाच्या वाती पेटवायच्या आणि दोर धरून वर यायचं, हे त्याचं काम. बाकीचे सुरुंगवाले वर आले की जीव मुठीत धरून पळतात. हा बाबा मात्र काठावर आधी विडी पेटवायचा आणि मग सावकाश बाभळीमागे जायचा. नगर तालुक्यातल्या आमच्या माळावर त्याचे सुरुंग बघायला माणसं हातातली कामं टाकून येत. त्या माणसांचा मला आजही राग येतो. दुसऱ्याचा धीटपणा बघायला यांच्या बापाचं काय जात होतं?

सुरुंग उडताना आवाज मोजायचे, हा या धंद्यातला पहिला नियम. पेटवलेल्या वातींपेक्षा एक जरी आवाज कमी आला, तरी खाली एक सुरुंग जिवंत आहे असं समजायचं. मग त्या दिवशी विहिरीत कुणी उतरायचं नाही.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात आमच्याच माळावरच्या काकासाहेबांच्या विहिरीवर नेमका एक आवाज कमी आला. छगनचा जोडीदार गोरक्षनाथ बोटं मिटत मोजत होता. वयानं लहान, सरळ गडी; घरी बायको राहीबाई आणि लेकरं.

"छगनदा, एक राहिला," तो म्हणाला. "आज नगं उतरायला. मला भ्या वाटतंय."

छगननंही मोजले होते. तेवढ्यात बघ्यांतलं कुणीतरी ओरडलं, "काय छगन, आज गडी गार पडला व्हय?" छगननं फक्त म्हणायचं होतं, मलाही भ्या वाटतंय. तेवढं काही त्याच्या तोंडातून निघालं नाही. तो हसला.

"गोरक्षा, राहीबाईच्या बांगड्या घालून आलास का रं?"

माणसं खदाखदा हसली. गोरक्षनाथाचे कान लाल झाले. त्यानं डोक्याचा टॉवेल कमरेला आवळला, पहार घेतली आणि दोर धरला. छगनच्या ओठांवर "थांब" आलं होतं. पण आता अडवलं तर आपणच भ्यालो असं दिसेल, म्हणून तो नुसता बघत राहिला आणि दोर खाली सरकत राहिला. थोड्या वेळानं पहार खडकावर वाजली. त्यामागोमाग राहिलेला आवाज आला.

दहावा झाल्यावर छगन राहीबाईकडे गेला. सगळं खरं सांगायचं आणि तिच्या पायावर डोकं ठेवायचं, असं ठरवूनच घरातून निघाला होता. वाटेत त्यानं वाक्यंही जुळवली होती. राहीबाई भिंतीला टेकून बसली होती, शेजारच्या बायका जवळ होत्या. तो बोलायच्या आत तिनंच विचारलं.

"दादा, ते मला लई येळा सांगायचे, छगनदा नको म्हनला की मी पाऊल टाकत न्हाई. तुमी नको म्हनलाच असाल. मग त्यांनी आयकलं कसं न्हाई?"

सगळ्या बायका छगनच्या तोंडाकडे बघू लागल्या. त्याला घाम फुटला. विहिरीच्या तळाशी कधी फुटला नव्हता इतका.

"लई सांगितलं, बाई," तो म्हणाला. "न्हाई आयकलं."

त्यानंतर छगननं सुरुंगाचं काम सोडलं. जोडीदार गेल्यावर गड्याचा धीर खचला, असं गाव म्हणतं. खचायला तो आधी होता कुठे, हे गावाला कोण सांगणार!

राहीबाई मात्र नवऱ्याच्या नावानं रडायची थांबली. ती त्याच्यावर रागावली आहे. लेकरांची पर्वा न करता, सांगणाऱ्याचं न ऐकता मेला, असं ती येईल त्याला सांगते. दरसाल गोरक्षनाथाच्या श्राद्धाला ती पहिलं ताट छगनला वाढते. "ह्या मानसाचं आयकलं असतं, तर आज जित्ते असते," असं म्हणत त्याच्या ताटात आणखी एक पुरणपोळी घालते. छगन मान खाली घालून जेवतो.