पाच बटणांत बसवलेला राग

टेबलावर पाच बटणं होती. नाराज, त्रासलेला, वैतागलेला, चिडलेला, संतापलेला. लिफ्ट-दुरुस्तीच्या तक्रारकक्षात फोन करणाऱ्याचा सूर ऐकून त्यातलं एक दाबायचं. संतापलेल्याकडे मेकॅनिक सर्वांत आधी. लिफ्टला झालंय काय, हे विचारायचं त्यानंतर.

पदार्थविज्ञान शिकून आलेल्या नव्या मुलीला सगळे मोजपट्टी म्हणत. आज तिला एका काकूंचा फोन आला. हा त्यांचा तिसरा.

"पोरी, जरा अडचण आहे गं. ह्यांना तीन वाजता डायलिसिसला न्यायचंय. पाचवा मजला. मागच्या खेपेला शेजाऱ्यांनी खुर्चीतून उतरवलं, आज तेही नाहीत. सवडीनं पाठव हं कुणाला तरी."

आधीच्या दोन्ही फोनांना 'नाराज' दाबलेलं होतं. आणि मेकॅनिक निघाला होता एका 'चिडलेल्या' हॉटेलवाल्याकडे. लिफ्टमधली गाणी बंद पडली म्हणून त्यानं सकाळी शिव्यांचा पट्टा सोडला होता!

मोजपट्टीचं डोकंच फिरलं. ती तडक साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, त्या काकू नाराज नाहीत."

"मग काय, चिडल्यात?"

"चिडणं येतं नि जातं. वैताग साचत जातो. नाराजी आपल्या माणसावर असते, संताप अन्यायावर. ह्या काय थर्मामीटरवरच्या रेघा आहेत, एकीवर एक चढवायला?"

"भाषेचा तास नको घेऊस. आवाज चढवला का त्यांनी? नाही ना? मग नाराज."

"म्हणजे नीट बोलणाऱ्यानं जिन्यात जीव सोडायचा?"

साहेबांनी मान खाली घालून चहाचा कप उचलला.

ती जागेवर परतली. काकूंचा फोन अजून चालूच होता.

"काकू, मला चार शिव्या द्या बघू."

"अगंबाई! तू काय केलंयस माझं?"

मोजपट्टीनं पाचवं बटण दाबलं. वाटेतल्या मेकॅनिकच्या फोनवर नवा पत्ता गेला.

साहेब धावत आले. "खोटं बटण दाबतेस? कोण संतापलंय इथं?"

"मी."

अडीच वाजता मेकॅनिकनं दुरुस्त लिफ्टची चाचणी घेतली. पाचव्या मजल्यावरून तळमजल्याला बावीस सेकंद लागले.