पंधरावा सोमवार

रजनीने सोमवार धरला तो महादेवासाठी नव्हे, पिठासाठी.

पगाराला तीन दिवस होते आणि डब्यात पीठ उरलं होतं चार भाकरींचं. किराणावाल्याकडे मागची बाकी होती, म्हणून त्याच्या दुकानावरून जायची वेळ आली की ती रस्ता ओलांडून पलीकडून जायची. तिने दोन भाकरी नवऱ्याच्या डब्यात घातल्या, एक मुलीला दिली, एक सासूच्या ताटात वाढली आणि स्वतः भांडी घासायला बसली. सासूबाई दुर्गाबाई, सत्तरी ओलांडली तरी नजर तिखट. तुझं ताट कुठंय, असं त्यांनी विचारलं. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं. त्याच्याकडे बघत रजनी म्हणाली, आज सोमवार आहे ना.

झालं. पुढचं सगळं रामायण त्या एका वाक्याने घडवलं.

आता पगारदार माणसाच्या घरात पिठाची ही वेळ का यावी, ते आधी सांगायला हवं. रजनीचा नवरा केशव एका बियाण्याच्या कंपनीत गोदामाचा कारकून. जुन्या जालन्यात तीन खोल्यांचं घर, सुरुची ही एकच मुलगी, ती बारावीला. कुणाच्या अध्यात ना मध्यात. दीड वर्षापूर्वी केशवचे वडील पुंजाराम छातीत कळ येऊन पडले. मोंढ्यात धान्य मापण्यात आयुष्य काढलेला माणूस. कुणाचा एक दाणा अंगावर ठेवला नाही, ही त्यांची मिजास. दवाखान्यात पडल्या पडल्या त्यांनी पोराला बजावलं की कर्ज काढून मला जगवशील तर मी औषधाला तोंड लावणार नाही. शेजारी दुर्गाबाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, माझ्या वेळेलाही हेच ध्यानात ठेव.

सरकारी योजनेत ते ऑपरेशन बसत नव्हतं. केशवने बाहेर जाऊन पतसंस्थेच्या कागदांवर सह्या केल्या आणि आत येऊन सांगितलं, योजनेत बसलं, एक रुपया लागत नाही. पुंजाराम खूश झाले. ऑपरेशन झालं आणि बाविसाव्या दिवशी ते गेले. जाताना त्यांच्या अंगावर कुणाचं काही नव्हतं. जे होतं ते पोराच्या अंगावर होतं, आणि त्याचा हप्ता अर्ध्याहून जास्त पगार खात होता.

तेव्हापासून रजनीला दोन कामं लागली. एक म्हणजे खर्च कापायचा, आणि दुसरं म्हणजे कापलेल्या प्रत्येक खर्चाला सासूसमोर काहीतरी कारण जोडायचं. गाडी विकली, तर डॉक्टरांनी केशवला चालायला सांगितलंय. तो बिचारा रोज कुंडलिकेचा पूल पायी ओलांडून नव्या जालन्यात जायचा आणि घरी येऊन, पाठ कशी मोकळी झाली, असं म्हणायचा. केबल बंद केली, तर सुरुचीची बारावी. दूध कमी केलं, तर दूधवाला पाणी घालतो. खोटं बोलण्याचा रजनीला मुळात कंटाळा, पण पोट आवळण्यापेक्षा हेच काम जास्त दमवणारं आहे हे तिला लवकरच कळलं.

एका ताटाला मात्र तिने हात लावला नव्हता. दुर्गाबाईंची भाकरी, भाजी, रात्रीचं कपभर दूध, शुगरच्या गोळ्या, सगळं पहिल्यासारखं. कर्जाचा नुसता वास लागला असता तरी दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गोळ्या बंद केल्या असत्या आणि ताट पुढे सारलं असतं. अठरा वर्षं रजनी त्यांना ओळखत होती. घरात बाकी काहीही होवो, हे त्यांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, एवढं तिने आणि केशवने ठरवून टाकलं होतं.

तर सोमवार. दुर्गाबाईंच्या लेखी सून देवाधर्मात पहिल्यापासून कोरडी. तिने आपणहून उपास धरला म्हटल्यावर त्यांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी कॅलेंडरवर त्या तारखेला कुंकवाचं बोट लावलं. पुढच्या सोमवारी दुसरं. तिसऱ्या सोमवारी त्यांनी सुरुचीला सांगितलं की तुझ्या आईने सोळा सोमवार धरलेत, तिला त्रास देऊ नको. रजनीने सोळा हा आकडा तोंडातून काढलाच नव्हता. पण आता नाही कसं म्हणणार? संध्याकाळी नैवेद्याला चूर्मा हवा म्हणून दुर्गाबाईंनी शेजारच्या सुमेधाकडून वाटीभर तूप आणवलं, आणि दिवसभरात वाचलेल्या दोन भाकऱ्या त्या तुपातच बुडाल्या.

खरं सांगायचं तर नंतर नंतर रजनीला ते सोमवार आवडायला लागले होते. दुपारी डोकं गरगरायचं, पण सासू म्हणायची, पड जराशी, भांडी राहू दे. अठरा वर्षांत हे पहिल्यांदा. एकदा तर दुर्गाबाईंनी तिच्या पायांना खोबरेल लावून दिलं आणि सुमेधाला सांगितलं, माह्या सुनेसारखी सून गल्लीत न्हाई. ते ऐकून रजनी आत जाऊन रडली. मान मिळाला तो असा, खोट्यावर मिळाला, याचं तिला वाईट वाटलं. आणि तो सोडवतही नव्हता.

चौदावं बोट लागलं त्या संध्याकाळी दुर्गाबाईंनी उद्यापनाचा विषय काढला. सोळा जोडपी जेवायला, प्रत्येक बाईला खण, पुरुषाला टोपी-उपरणं, हाताखाली एक आचारी. हे गेल्यापासून घरात काही शुभ झालं नाही, आता होऊ दे, असं त्या म्हणाल्या. सहा जोडप्यांना त्यांनी तोंडी सांगूनही टाकलं होतं. बाकीच्यांना पुढच्या सोमवारी दुपारी सुमेधाला बरोबर घेऊन सांगून येणार होत्या. रजनीने चाचरत विचारलं, दोन जोडप्यांत भागणार नाही का. दुर्गाबाई म्हणाल्या, सोळा म्हंजे सोळाच.

गच्चीवर वाळलेले कपडे काढताना तिने केशवला सगळं सांगितलं. तो कठड्याला टेकून उभा राहिला. एक हप्ता चुकला की पतसंस्थेचा माणूस घरी येतो, आणि घरी आला की दारात आधी आईच भेटणार, हे त्यालाही दिसत होतं. शेवटी तो म्हणाला, "सांगून टाकू का आईला?"

"मंग एवढं दीड वर्ष कशासाठी केलं आपण?" रजनी म्हणाली.

त्याने दोरीवरचा टॉवेल काढला आणि पुन्हा तिथेच वाळत घातला.

मोडलेल्या व्रताचं उद्यापन नसतं. ही साधी गोष्ट रजनीला त्या आठवड्यात गुरुवारी भाजी निवडताना सुचली आणि ती तिथेच थिजून बसली. उपाय सापडला होता, एका पैशाचा खर्च नव्हता. द्यायचं होतं ते एवढंच, की चौदा आठवड्यांत मिळालेलं सगळं परत द्यायचं.

पंधरावा सोमवार उजाडला. दुपारी दुर्गाबाई धुवट लुगडं नेसून, आमंत्रणं सांगायला जायच्या तयारीने मधल्या खोलीत बसल्या होत्या. रजनीने ताट वाढून घेतलं. ज्वारीच्या दोन भाकरी, तव्यावरचा ठेचा, फोडलेला कांदा. स्वयंपाकघरात बसून खाल्लं असतं तर त्यांनी कदाचित पाहूनही न पाहिल्यासारखं केलं असतं. म्हणून ती ताट घेऊन थेट त्यांच्या समोर येऊन बसली आणि पहिला घास मोडला.

दुर्गाबाईंनी ताटाकडे पाहिलं, मग कॅलेंडरकडे.

"आज वार कोणता हाये?"

"सोमवार."

"मंग?"

"भूक लागली, आत्याबाई."

कारणं जोडून जोडून दमलेल्या रजनीच्या तोंडून सासूसमोर निघालेलं हे किती तरी दिवसांतलं पहिलं खरं वाक्य होतं. आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे भाकरी गोड लागत होती. तिने दोन्ही खाल्ल्या. दुर्गाबाईंनी उठून चपला पायात घातल्या, सुमेधाच्या दारात गेल्या आणि सांगितलं की बोलावणी राहू दे, माह्या सुनेच्यानं झालं न्हाई.

आठवडाभर त्यांनी रजनीच्या हातचा चहा घेतला नाही, सुरुचीला करायला लावला. ताटावर बसत, जेवत, पण सुनेकडे बघत नसत. गल्लीतल्या बायका नळावर रजनीला जागा करून द्यायच्या त्या आता बोलता बोलता थांबायला लागल्या. केशव रात्री हळूच म्हणाला, चला, एक हप्ता तर वाचला. तिला बरं वाटावं म्हणूनच म्हणाला तो. रजनीने त्याच्याकडे पाठ केली.

पुढच्या सोमवारी सकाळी ती भाकरीला बसणार तोच तिला दुर्गाबाई कॅलेंडरपाशी दिसल्या. आंघोळ झालेली, केस ओले. त्यांनी कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवलं आणि त्या दिवसाच्या तारखेवर ठिपका दिला. मग गोळी न घेताच पट्टी फळीवर परत ठेवून दिली.

रजनी धावत जाऊन म्हणाली, "आत्याबाई, गोळी जेवल्यावरची आहे. तुम्हाला शुगर आहे, तुम्हाला उपास चालत न्हाई."

"तुह्याच्यानं झालं न्हाई, त्याचा मला राग न्हाई," दुर्गाबाई म्हणाल्या. आठ दिवसांनी त्या पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होत्या आणि आवाज मऊ होता. "पण ह्यायचं एवढं मोठं आप्रेशन देवानं फुकटात करून देल्लं. बावीस दिवस जास्तीचे देल्ले. ते देणं कुणी तरी फेडावं लागंल का न्हाई? सोळा सोमवार मी करीन पुरे. डोक्यावर कुणाचं ठेवून मला जायचं न्हाई."

कर्जाचं सांगावं तर म्हातारी आजच्यापुरतं नाही, रोजचंच ताट सोडेल. आणि न सांगावं तर हे असे सोळा सोमवार, तेही बिनगोळीचे. दुर्गाबाई देवापाशी पाट मांडून बसल्या आणि त्यांनी समई लावली.

रजनी स्वयंपाकघरात परतली. परातीत चौघांचं पीठ काढून ठेवलेलं होतं. तिचा हात सवयीने चालला. एका माणसाच्या वाट्याचं पीठ तिने मुठीने उचललं, डब्यात परत टाकलं, वरून सारखं केलं आणि झाकण घट्ट लावलं. झाकण लावून झाल्यावर तिला कळलं की दीड वर्षात पहिल्यांदा आपण म्हातारीच्या ताटातून वाचवलं होतं.