हर्षाच्या बॅगेतले सुती बनियन

माझी एक सवय आहे आणि तिच्यापायी घरात पुष्कळ भांडणं झाली आहेत. कोणतंही नवं कापड आलं, की मी त्याच्या कडेचा एक धागा ओढतो आणि आगपेटीच्या काडीवर धरतो. धाग्याची राख झाली तर कापड सुती, ते घरात राहतं. धागा आक्रसून काळा टणक मणी झाला तर ते नायलॉन किंवा तसलंच काही, ते दुकानात परत जातं. माझ्या बायकोचे, कामिनीचे, तीन शालू असे परत गेले. एक तिच्या माहेरचा होता, त्यावरून ती माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. नाही बोलली तर नाही. मी एकवीस वर्षं भट्टीसमोर काढली आहेत, कपडा अंगाला काय करतो ते मला कोणी शिकवू नये.

ही सवय मला कैलाशमुळे लागली. वरठीच्या स्टीलच्या कारखान्यात नोकरी लागण्याआधी आम्ही दोघं छत्तीसगडकडच्या एका लहानशा रोलिंग मिलमध्ये होतो. ती मिल आता बंद पडली. एक दिवस कैलाश भावाच्या लग्नातला टेरिकॉटचा नवा शर्ट घालून कामावर आला आणि त्याच दिवशी आम्हा दोघांच्या अंगावर ठिणग्या उडाल्या. माझा शर्ट सुती होता, शर्टाला चार भोकं पडली. त्याचा शर्ट वितळून अंगाला चिकटला. तो काढताना मी त्याला धरून होतो. कैलाश चार दिवस जगला. हे मी कामिनीशिवाय कधी कोणाला सांगितलं नाही, हर्षालाही नाही.

हर्षा माझी एकुलती एक. भंडाऱ्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, एनसीसीत आहे. डिसेंबरात ती घरी आली ती उड्या मारतच. गुलमर्गला स्की शिकवायचं चौदा दिवसांचं शिबिर, आणि त्यात हिचं नाव. आमच्या सात पिढ्यांत रसवंतीवरचा सोडून दुसरा बर्फ कोणी पाहिला नव्हता. मी हो म्हणालो, पण त्या दिवसापासून माझा जीव ठिकाणावर नव्हता.

मग शिबिरवाल्यांची यादी मोबाईलवर आली. हर्षा ती स्वयंपाकघरात आईला वाचून दाखवत होती, मी अंगणात सायकल पुसत ऐकत होतो. थर्मलचे दोन जोड, फ्लीसचं जॅकेट, लोकरी मोजे, पाणी न शिरणारे हातमोजे, गॉगल, कानटोपी, उन्हाचं मलम.

मी तिथूनच ओरडलो, "बरफात उन्हाचं मलम कायले?"

"बाबा, बरफावरून ऊन उलटून तोंडावर येते. तोंड भाजते म्हणतात."

भाजते. तो शब्द माझ्या डोक्यात अडकला. पुढची यादी मी ऐकलीच नाही. गॉगल, हातमोजे, भाजणं. हे तर सगळं आमच्याच कामावरचं झालं. म्हणजे तिथंही अंगाला जपावंच लागतं.

नागपूरच्या सीताबर्डीवरून मायलेकी सामान घेऊन आल्या. थर्मल म्हणजे अंगाला घट्ट बसणारे काळे कपडे, गुळगुळीत. मी धागा ओढला, काडी पेटवली. मणी झाला. फ्लीसचा धागा जाळला, त्याचाही मणी. आणि हे माझ्या पोरीच्या थेट कातडीला लागून!

मी म्हणालो, "हे परत करा."

हर्षाने हात जोडले. "बाबा, तिथं हेच लागते."

"तुले काय मालूम काय लागते?"

"तुमाले तरी काय मालूम? तुमी गेले होते का गुलमर्गले?"

मी आगपेटी खिशात घालून अंगणात गेलो. बोललो असतो तर नको ते निघालं असतं, आणि तिचं जाणंच रद्द झालं असतं. मला तिचं जाणं मोडायचं नव्हतं. तिला धडधाकट परत आणायचं होतं, एवढंच.

निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी ती मैत्रिणींना भेटायला गेली आणि कामिनी गिरणीवर. मी बॅग उघडली. थर्मल आणि फ्लीस काढलं. त्या जागी माझे चार नवे पूर्ण बाह्यांचे सुती बनियन आणि कामावर मिळालेले जाड कापडाचे दोन सदरे ठेवले. लोकरीला हात लावला नाही, लोकर वितळत नाही. काढलेलं सगळं एका पिशवीत कोंबून, गाठ मारून, कपाटावरच्या ट्रंकेमागे टाकलं. चोरी केल्यासारखं झालं, तरी मनाला बरं वाटलं.

सकाळी पावणेसातच्या गाडीत तिला बसवलं. तिच्या एनसीसीच्या मॅडम आणि दुसऱ्या दोघी गोंदियाहूनच बसून आल्या होत्या. नागपूरहून पुढची गाडी सव्वादहाला होती. हर्षा खिडकीतून हसली आणि म्हणाली, "बाबा, टेन्शन नका घेऊ जी." मी टेन्शन घेत नाही असं म्हणालो. गाडी गेल्यावर चहाच्या टपरीवर आलो तर तिथं भुपेंद्र भेटला. हा पूर्वी फौजेत होता, आता गेटवर रात्रपाळीचा गार्ड आहे. ड्युटी संपवून चहा घेत होता.

"पोरगी गेली का ताराचंदभाऊ? गरम कपडे देल्ले ना?"

मला राहवलं नाही. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, की त्या नायलॉनच्या भानगडी काढून बॅगेत चार सुती बनियन घातले.

भुपेंद्रचा चहा तोंडाजवळ थांबला. "सुती? काहून सुती?"

"अंगाले चिकटत नाई."

"भाऊ, तुमी पोरीले भट्टीवर पाठवून राहिले का बरफावर? सुती कापड घाम पिऊन ठेवते. स्कीवर पडत-उठत मानूस घामाघूम होते. मंग उभं राहिलं का तोच घाम अंगावर गार पडते. आमच्याकडं एक नवा पोरगा वर्दीखाली सुती बनियन घालून गेला होता लेहले. दोन दिवसांत दवाखान्यात. तिथं पयलं हेच पाहतात, सुती दिसलं का उतरवा म्हणतात."

मी अर्धा चहा तसाच टाकला. हर्षाला फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. भुपेंद्रला म्हणालो, "इनचार्जले सांग, ताराचंद आज येत नाई." एवढ्या वर्षांत न सांगता एक खाडा नव्हता माझा. घरापर्यंत मोटारसायकल कशी चालवली ते आठवत नाही. चपला न काढताच आत गेलो, ट्रंकेमागची पिशवी ओढली. गाठ जशीच्या तशी होती.

कामिनी न्हाणीघरातून बाहेर आली. "काय झालं जी? कोठी चालले?"

"नागपूरले."

"ऐका तं माझं!"

"आल्यावर ऐकतो."

"अवो, थांबा ना! त्या पिशवीत..."

तिचं बोलणं मला शिव्यांसारखं वाटलं, आणि शिव्या खायला माझ्याकडे वेळ नव्हता. मी किक मारली.

भंडारा सोडलं तर हायवेवर असं धुकं होतं, की पुढच्या ट्रकचे लाल दिवेसुद्धा जवळ गेल्यावरच दिसत. घाईघाईत मी स्वेटर घालायचं विसरलो होतो. अंगावर कामावरचा सुती सदरा, आत सुती बनियन. धावपळीने दोन्ही घामाने भिजलेले, वरून धुक्याचं पाणी. मौदा येईपर्यंत पाठीवर कोणी ओला फडका दाबून धरल्यासारखं झालं होतं. दात वाजायला लागले. हे आपलं जानेवारीतलं नागपूर रोडवरचं गारठणं, इथं चार किलोमीटरवर चहा मिळतो. तिथं ती डोंगरावर असेल, भिजलेली, आणि अंगावर मी दिलेलं कापड असेल. मी स्वतःला शिव्या घातल्या, मोठ्यानं. खिशात फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. गाडी चालवताना मी फोन उचलत नाही, तो माझा नियम आहे. थांबायला तर वेळच नव्हता.

कैलाशला मी वाचवू शकलो नाही हे खरं. पण त्याला मी कोणता कपडा दिला नव्हता. हा मी माझ्या हाताने दिला होता. असंच काहीतरी डोक्यात फिरत होतं आणि मी ट्रकच्या मागेमागे गाडी हाकत होतो.

पावणेदहाला नागपूर स्टेशन. पूल धावत ओलांडला. ती प्लॅटफॉर्मवर बॅगेवर बसून मुरमुरे खात होती. मला पाहून उठलीच.

"बाबा! आई बरी हाय ना?"

"बरी हाय. हे घे." मला नीट बोलताही येईना, जबडा हलत होता. "हे कपडे घे. मी बॅगेतले काढले होते. चूक झाली माझी. हेच घाल, ते सुती घालू नको, समजलं का?"

तिने पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गाठ सोडली आणि आतलं बाहेर काढलं. माझे चार बनियन. माझा सदरा.

मला काही उमजेना. तिने बॅगेची चेन उघडून दाखवली. काळे थर्मल वरच होते, आणि फ्लीस तर गाडीत बसल्यावर तिने अंगातच चढवलं होतं, घाईत मला दिसलंच नव्हतं.

"कालच सांजच्याले पाहिलं मी बॅगेत. आई अन् मी मिळून बदललं. गाठ आईनं मारली, तुमच्यासारखीच."

"मंग मले सांगितलं काहून नाई?" मी ओरडलो. आजूबाजूचे चार लोक वळून पाहायला लागले.

"सांगितलं असतं तं तुमी जाऊ देल्लं असतं का?"

माझ्या पोरीला माझ्या काळजीपासून लपून थंडीची तयारी करावी लागली. मला फार वाईट वाटलं. राग आला असता तर बरं झालं असतं.

तिने अंगातलं फ्लीस काढलं आणि माझ्या खांद्यावर टाकलं. "पयले हे घाला. कापून राहिले तुमी." मी नाही म्हणालो, तरी तिने माझे हात धरून बाह्यांत घातले, मी तिला शाळेच्या वेळी घालायचो तसे. कैलाश गेल्यापासून चौदा वर्षांत असलं कापड माझ्या अंगाला लागलं नव्हतं. कापरं हळूहळू थांबलं.

"एक सदरा मी ठेवला हाय तुमचा," ती म्हणाली.

"कायले? भुपेंद्र म्हणते सुती..."

"तिथं खोलीत बुखारी राहते म्हणतात. मोठी शेगडीच. तिच्याजवळ बसाचं झालं तं हे काळं काढून सदरा घालीन." मग जरा थांबून म्हणाली, "मी सगळ्याचे धागे जाळून पाहिले बाबा. मोज्यांचेपण. ज्याचा मणी होते ते आगीजवळ नेत नाई मी. कैलाशकाकाचं आईनं सांगितलं होतं मले, लय आधी."

गाडी लागल्याची घोषणा झाली. मी फ्लीस काढून तिच्या हातात दिलं आणि तिथंच, सगळ्यांसमोर, ओला सदरा-बनियन उतरवून पिशवीतला कोरडा बनियन घातला, त्यावर दुसरा. मॅडम तोंड फिरवून हसल्या. हसू दे. हर्षा गाडीत चढली, खिडकीतून हात हलवत राहिली, आणि डबा दिसेनासा होईपर्यंत मी उभा होतो.

बाकड्यावर बसून फोन काढला. कामिनीचे अकरा कॉल होते. बाराव्यांदा वाजला तसा मी उचलला. ती दबकत नुसतं हॅलो म्हणाली, बहुतेक मीच ओरडेन याची वाट पाहत असावी.

"बोल," मी म्हणालो. "ऐकून राहिलो."