वर वळवलेला पाईप

माझ्या लेकाला, दयारामला, सांगितलेलं कधी ऐकायचंच नसतं. किहीमच्या बंगलेवाल्याने टाकून दिलेली, फुगीर टायरांची तीन चाकी गाडी त्याने खाडीच्या बांधावरून पेंढा वाहायला आणली. खाऱ्या पाण्याने सायलेन्सर सडतो म्हणून तो कापला आणि भरतीचं पाणी शिरू नये म्हणून नुसता पाईप वर वळवून मागे काढला. मागं ट्रॉलीत पेंढा असतो रं, ठिणगी पडंल, मी म्हटलं. तो हसला.

काल दुपारी पेंढ्यावर त्याची पोर हेमाली बसलेली. तिच्या पायाशी मला धूर दिसला. मी बोंबलले, पण त्या फटफटाटात दोघांनाही ऐकू जाईना. हेमाली उलट मला हात हलवून दाखवत होती. मी चिखल तुडवत आडवी धावले आणि बांधावर गाडीपुढे उभी राहिले.

"आये, मरशील ना!" गाडी थांबवून तो ओरडला.

मी पोरीला ओढून खाली घेतलं, तोच पेंढा भडकला. दयाराम पांढराफटक पडला.

"पाणी शिरू नये म्हणून पाईप वर केला, आये."

हेमालीला सोडायला माझे हात तयार नव्हते.

"गाडीत पाणी जाईल याचं तुला भ्या, पोरीचं न्हाय? चावी दे हिकडं. आजपासून पेंढा डोक्यावरून वाहायचा, दयाराम."