मेट्रनबाईंची आंघोळ

मेट्रनबाई इस्पितळातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण नाव काही निवृत्त झालं नव्हतं. शेजारीपाजारी सोडाच, पोटचा मुलगासुद्धा त्यांना चिडवायला "मेट्रन" म्हणायचा. घरात त्यांचीच शिस्त. सुनेनं पलंगावर चादर घातली, की त्या मागाहून जाऊन पुन्हा घालत. सूनबाई बघायची आणि बेकरीत कामाला निघून जायची.

एकदा सून नको नको म्हणत असताना मेट्रनबाई पंखा पुसायला स्टुलावर चढल्या आणि पडल्या. उजवा हात प्लास्टरमध्ये गेला.

"आई, आंघोळीला मदत करू?" सुनेनं विचारलं.

"मी हजारो पेशंटांना आंघोळी घातल्यात. माझी मला येते."

आत जाऊन त्यांनी डाव्या हातानं झगा डोक्यावरून काढायला घेतला. तो प्लास्टरला असा काही अडकला, की पुढेही जाईना आणि मागेही येईना. बराच वेळ त्या तशाच, डोकं झग्यात, मनातल्या मनात प्रभूचा धावा करत उभ्या राहिल्या. प्रभू काही झगा सोडवायला आला नाही. शेवटी त्यांनी हाक मारली, "अगं, ऐकतेस का?"

सून आली. हसली नाही. अलगद बाही सोडवली, त्यांना स्टुलावर बसवलं आणि पाणी ओतू लागली.

"आधी मनगटावर पाणी बघ! साबण वरून खाली! आणि प्लास्टर भिजवशील!"

"पिशवी बांधलीय, आई. तुम्ही जरा अंग सैल सोडा. पेशंटला हेच सांगत होतात ना?"

मेट्रनबाईंनी खांदे सैल सोडले. सून खाली बसून पाय धुवायला लागली, तशी त्यांनी पाय झटकन मागे घेतले. भेगाळलेल्या टाचा, वाढलेली नखं. हे कुणी बघायचं?

पाय मागे घेतले आणि त्यांना बायबलमधला पेत्र, येशूचा शिष्य, आठवला. प्रभू शिष्यांचे पाय धुवायला वाकला तेव्हा त्यानंही असाच नकार दिला होता. हा प्रसंग त्यांनी कितीतरी नवशिक्या नर्सना सांगितला होता. सांगताना आपण कायम तांब्या हातात असलेल्याच्या जागी असायचो. पाय पुढे करणाऱ्याच्या जागी आपण कधी बसलोच नाही, हे आज पहिल्यांदा त्यांच्या ध्यानात आलं.

त्यांनी हळूच पाय पुढे केले.

"तुला किळस नाही येत?"

"तुम्हाला यायची का?"

"सुरुवातीला यायची," मेट्रनबाई म्हणाल्या. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "तुझ्या कामात मी फार हात घालते. चुकतंच माझं."

सून नखांतली माती काढत राहिली. "हो, घालता," ती म्हणाली. मग दोघी एकदमच हसल्या.

रविवारी सुनेनं त्यांची वेणी घातली. चर्चमध्ये मागच्या बाकावरची मैत्रीण पुढे झुकली. "अगं, वाकडी झालीय. थांब, सारखी करते."

"राहू दे. सुनेनं घातलीय."

गाणं सुरू झालं. सुनेनं गीतांचं पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. पान मात्र तिनं एक ओळ आधीच उलटलं. मेट्रनबाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. राहिलेली ओळ त्यांना पाठ होती. ती त्यांनी तशीच म्हटली आणि पुढच्या पानावर तिच्या सुरात सूर मिळवला.