उड्डाणाआधीचं हसू

आमच्या कंपनीचं नाव ऐकलंत तर वाटेल, हिच्याकडे विमानांचा ताफाच असेल. होतं एक. नाव ठेवताना मालकांनी हात आखडता घेतला नव्हता, बाकी सगळीकडे घेतला होता. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. दोन पंख्यांचं एक म्हातारं मालवाहू विमान, ते उडवणारे आम्ही दोघं, एक मेकॅनिक आणि खुद्द मालक. माल चढवायचा आम्ही, उतरवायचा आम्ही, काचा पुसायच्या आम्ही. मला नोकरी लागली तेव्हा आईने झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन केले होते, की लेक वैमानिक झाली. लेक आधी हमाल आणि मग वैमानिक आहे, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

मी उजवीकडच्या खुर्चीवर बसणारी को-पायलट. डावीकडची खुर्ची कॅप्टनची. ती खुर्ची मला हवी होती, इतकी की स्वप्नातही मी डाव्या कुशीवरच झोपत असेन. मालकांनी शब्द दिला होता. "हा महिना पडेल ते काम कर, कशाला नाही म्हणू नकोस. पुढच्या महिन्यात डावीकडे बस." घोडामैदान जवळ आलं होतं. मी कशालाच नाही म्हणत नव्हते.

डावीकडे तेव्हा आबा बसायचे. आबा हे काही त्यांचं नाव नव्हे, पण मेकॅनिकपासून मालकांपर्यंत सगळे त्यांना आबाच म्हणत. भारी शिस्तीचा माणूस. त्यांना हसताना फक्त त्यांच्या बायकोने पाहिलंय, आणि तेही तीच सांगते म्हणून मानायचं.

वैमानिकाने किती विश्रांती घ्यावी याचे नियम आहेत, आणि आमच्याकडे ते पाळलेही जात, कागदावर. विश्रांतीच्या खोलीत विमानाचे टायर रचून ठेवले होते. टायर उन्हात खराब होतात, तुम्ही काय कुठेही टेकाल, असं मालकांचं म्हणणं. कुठेही म्हणजे गोदामातला बाक. घरी जाऊन पडावं तर फोन यायचा, उद्या एक फेरी वाढली. डोळा लागतो न लागतो तोच दुसरा फोन, फेरी रद्द, झोपा निवांत. मग तिसरा, की रद्द नाही, आहेच. त्या आठवड्यात मी झोपले कमी आणि निवांत झोपा हे ऐकलं जास्त.

तसा एक नियम वैमानिकाच्या हातात असतो. मी आज विमान उडवण्याच्या स्थितीत नाही, असं त्याने म्हटलं की त्याला कोणी जबरदस्ती करू शकत नाही. माझ्या आधीच्या को-पायलटने हे एकदा म्हटलं होतं. तो आता विमे विकतो.

त्या दिवशी माल होता कोंबडीची पिल्लं. आदल्या दिवशी अंड्यातून निघालेली, भोकं पाडलेल्या खोक्यांत भरलेली, आणि एकजात चिवचिवणारी. दिवस वर आला होता, ऊन तापायला लागलं होतं. आबा आणि मी खोकी चढवली, जाळी बांधली, विमानाभोवती फेरी मारून तपासणी केली आणि घामाघूम होऊन खुर्च्यांवर बसलो. मालक खाली उभे राहून घड्याळ बघत होते.

इंजिनं सुरू करण्याआधी चेकलिस्ट वाचायची असते. आबा एकेक गोष्ट विचारतात, मी बघून उत्तर देते.

"दारं?" आबांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मागून एक पिल्लू म्हणालं, "चिव."

आबा थांबले. घसा साफ करून त्यांनी पुन्हा विचारलं, "दारं?"

"चिव."

"बंद," मी म्हणाले, आणि माझा आवाज चिरकला. आबांनी माझ्याकडे करड्या नजरेने पाहिलं. "इंधनाचे पंप?" मागे अगदी शांतता. मग, नीट विचार करून दिल्यासारखं, "चिव चिव." आबांच्या मिशा थरथरल्या. आणि त्या शिस्तीच्या माणसाच्या पोटातून असं काही हसू बाहेर आलं की मला आधी वाटलं इंजिनच सुरू झालं.

मग आम्हाला आवरेना. मी बोलायला जाई आणि फिस्स करी. आबा कपाळ पॅनेलवर टेकून हुंदके द्यावेत तसे हसत होते. "बाळ, पुढचं वाच," ते म्हणाले, "मला अक्षरं दिसत नाहीत." मलाही दिसत नव्हती. यात इतकं हसण्यासारखं काही नाही, हे मला कळत होतं आणि त्याचंही हसू येत होतं. माझं बोट माइकच्या बटणावर होतं, हे मात्र कळलं नव्हतं.

"टॉवरकडून विचारणा," कानात आवाज आला. "आपल्या विमानात नक्की किती जण आहेत?"

ही माझी आत्या. वडिलांची थोरली बहीण, टॉवरवर विमानांना परवानगी देते, आणि मी तिच्याच घरी राहते. टॉवरवर बसली की ती आत्या नसते, सरकार असते. तिची पाळी संपली की बदली माणूस येतो, ती घरी येऊन घोरते. तिच्या घोरण्याचा मी त्या आठवड्यात फार हेवा केला होता.

"दोघं," मी कसंबसं म्हणाले. "आणि पिल्लं."

"चिव," पिल्लू म्हणालं. आबा आडवे झाले.

मग जो आवाज आला तो सरकारचा नव्हता. "कार्टे, नीट झोपली होतीस कधी?" पाठोपाठ घाईघाईने, "टॉवर विचारतंय."

"आत्या, आम्ही ठीक आहोत," मी म्हणाले. "चेकलिस्टच चाललीय." आणि ठीक आहोत हे दाखवायला मीच पुढची ओळ वाचली. "नळीची टोपी?" वेग मोजायची एक बारीक नळी विमानाच्या पंखावर असते. उभं असताना तिच्यावर टोपी घालतात, उडण्याआधी काढतात. "काढली," मी मलाच उत्तर दिलं, आणि सवयीने खिडकीतून पंखाकडे पाहिलं.

टोपी तिथेच होती. तिची लाल फीत वाऱ्यावर मस्त फडफडत होती. फेरी मारताना ती मला दिसली नव्हती, आबांनाही दिसली नव्हती. तसेच उडालो असतो तर आपला वेग किती हे आम्हाला कळलंच नसतं.

आणि ती फीत बघून मला हसू आलं. पिल्लांचं आलं होतं तसंच, खदखदून. हसताना मी घाबरले. मी एवढी कधीच घाबरले नव्हते, कारण तोंड हसत होतं आणि मला ते थांबवता येत नव्हतं.

मी पट्टे सोडले आणि खाली उतरले. मालक पुढे आले. "काय झालं? वेळ जातोय."

"साहेब, मी आज विमान उडवण्याच्या स्थितीत नाही."

मालक रागावले की मला अहोजाहो करतात. "मॅडम, पुढच्या महिन्याचं लक्षात आहे ना तुमच्या?"

"आहे."

"मग डावी खुर्ची विसरा."

"विसरले," मी म्हणाले. खरं सांगते, विसरले नव्हते. पण ओठांवर अजून हसू होतं, त्यामुळे मालकांना वाटलं मी त्यांची टर उडवतेय.

तोवर आबा उतरून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते. डोळे पुसत म्हणाले, "मीही नाही."

मालकांनी आम्हा दोघांना जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. एके काळी तेही वैमानिक होते, परवाना अजून चालू ठेवला होता. तरातरा जाऊन त्यांनी पंखावरची टोपी उपटली. "झालं? एवढ्या टोपीसाठी रडगाणं? आपला हात जगन्नाथ. मी नेतो विमान. आबा, तुम्ही नुसते शेजारी बसा." ते शिडी चढले आणि डावीकडे जाऊन बसले. आबा जागचे हलले नाहीत. मी मात्र दारापर्यंत गेले, कारण मला त्यांची काळजी वाटायला लागली होती.

मालकांनी कागद हातात धरला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "दारं?"

"चिव."

मालकांचे खांदे हलले. त्यांनी दात आवळले. "दारं?"

"चिव."

संपलं. मालक सुकाणूवर डोकं ठेवून हसायला लागले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. पहिला स्विच शोधत त्यांचा हात पॅनेलवर फिरत राहिला, तो त्यांना सापडेना. मग हसू ओसरलं आणि हात तसाच राहिला.

"हिशेब, मग त्या टायरवाल्याशी भांडणं, मग तुमच्या फेऱ्या," ते मला म्हणाले. "मी घरी कधी गेलो होतो गं?"

"मला काय माहीत, साहेब. फोन तर तुम्ही सतत करत होतात."

त्यांनी कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "मला उतरव. पाय हलत नाहीत."

ऊन वाढत होतं आणि खोकी तापत होती. कंपनीत एसी एकाच खोलीत होता, मालकांच्या. आम्ही सगळी खोकी तिथे नेऊन रचली, फायलींवर, टेबलावर, खुर्चीवर. पिल्लांच्या व्यापाऱ्याला मालकांनी स्वतः फोन केला, शिव्या खाल्ल्या आणि गिऱ्हाईक गमावलं. मग आम्ही तिघं त्याच खोलीत जमिनीवर, जिथे जागा मिळेल तिथे लवंडलो. त्या कलकलाटात मी जशी झोपले तशी लहानपणापासून झोपले नसेन.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. व्यापाऱ्याचा टेम्पो येऊन पिल्लं घेऊन गेला होता. मेकॅनिक आणि मालक विश्रांतीच्या खोलीतून टायर गडगडवत बाहेर काढत होते. पाळी संपवून आलेली आत्या दारात पर्स घेऊन उभी होती.

मालक टायर सोडून माझ्यापाशी आले. केसांत पिल्लाचं पीस होतं. "उद्या औषधांची खोकी आहेत," ते म्हणाले. "दुपारी निघू, घाई नाही. डावीकडे तू बस. आबा उजवीकडे बसतील, मी विचारलंय त्यांना."

मी मान हलवली. बोलायला गेले आणि रडायलाच लागले, भोकाड पसरून, मालकांसमोर, मेकॅनिकसमोर.

आत्याने मला जवळ घेतलं. "आता रडतेस कशाला, बाई? मिळालं ना हवं ते?"

"झोप झाली ना आत्या," मी तिच्या खांद्यावर नाक पुसत म्हणाले. "आता कुठे नीट रडता येतंय."